आपली गाणी, आपली मोटार. मधली गाठ मात्र अवघड

प्रतिनिधी, नवी मुंबई

नवी मुंबईहून पुण्याकडे निघालेली मोटार खालापूरचा टोलनाका मागे टाकून बोरघाट चढू लागली, की रेडिओवरचा ९८.३ हा आकडा तसाच राहतो. त्यावरचे शहर मात्र बदलते. मुंबईचे निवेदक बोलता बोलता खरखरीत विरून जातात, एखाद्या वळणावर पुन्हा उमटतात आणि लोणावळ्यापुढे त्यांच्या जागी पुण्यातील रस्त्यांची खबर ऐकू येऊ लागते. रेडिओ मिरचीची मुंबई व पुणे येथील केंद्रे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. रेडिओ सिटीचा ९१.१ हा आकडाही दोन्ही शहरांत सामाईक आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या, तर त्यांतील जोरदार लहर धरायची आणि दुबळी दाबून टाकायची, हा एफएम ग्राहकयंत्राचा स्वभावच आहे. घाटातील डोंगर कधी या बाजूची लहर अडवतात, कधी त्या बाजूची. बोगद्यात तर दोन्ही नाहीशा होतात. ऐन रंगात आलेले गाणे त्यामुळे अर्ध्यावर तुटते आणि मध्येच भलतेच सुरू होते.

अशा वेळी आपल्या आवडीची, आपण जमवलेली गाणी मोटारीत वाजावीत, असे कुणालाही वाटेल. खिशातील मोबाइलमध्ये हजारो गाणी असतात, मोटारीत चार स्पीकर बसवलेले असतात आणि दोहोंमध्ये अंतर असते जेमतेम हातभर. तरीही हे हातभर अंतर ओलांडण्यात अनेकांचा जीव मेटाकुटीस येतो. नवी मुंबईतील कोणत्याही जुन्या गृहसंकुलाच्या वाहनतळावर फेरी मारली, तर कॅसेटची खाच असलेली वीस वर्षांपूर्वीची मोटार आणि दहा इंची पडदा मिरवणारी नवी मोटार शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एकीला लागू पडणारा उपाय दुसरीला उपयोगी पडत नाही. शिवाय खाडीपूल, पाम बीच मार्ग वा अटल सेतूवरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या आणि महिन्यातून एकदा कोकणात जाणाऱ्यांच्या वेगळ्या.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५६ मध्ये मोटारीत चक्क तबकडी वाजवणारे यंत्र बसवून पाहिले होते. ते मिनिटाला पावणेसतरा फेऱ्यांहून किंचित कमी गतीने फिरे आणि त्यावर खास त्याच्यासाठी काढलेल्या तबकड्याच वाजत. घरात असलेला तबकड्यांचा संग्रह त्याला चालत नसे. रस्त्यावरील खड्ड्यांनी सुई उडत असे, ती अडचण वेगळीच. काही वर्षांतच हा प्रयोग गुंडाळला गेला. घरी जे ऐकतो तेच गाडीत ऐकण्याची सोय खऱ्या अर्थाने केली ती फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि मोटारीतील ध्वनियंत्राला ‘टेप’ हेच नाव कायमचे चिकटले. त्यात आता फीत नसते, तरी ‘गाडीत टेप बसवला का’ असाच प्रश्न विचारला जातो.

खाचेतून आणि वायरीतून

ज्यांच्या मोटारीत अद्याप कॅसेटचा टेप चालू आहे, त्यांच्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅसेट अ‍ॅडाप्टर. दिसायला ही हुबेहूब कॅसेट. फक्त तिच्यातून एक बारीक वायर बाहेर येते आणि ती मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रात बसते. हिच्यात फीत नसतेच. फितीवरील चुंबकीय चढउतार वाचणारे टेपचे हेड जिथे टेकते, नेमके तिथे अ‍ॅडाप्टरमध्ये एक चिमुकले हेड बसवलेले असते. मोबाइलमधून येणारा विद्युतसंदेश त्यात चुंबकीय चढउतार निर्माण करतो आणि बिचाऱ्या टेपला वाटते, की समोरून फीतच सरकत आहे. युक्ती साधी, पण आवाज बऱ्यापैकी मिळतो. टेपचे हेड कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून घेतले, तर आणखी सुधारतो. मात्र काही टेप आत फीत ताणली जात नाही हे ओळखून कॅसेट बाहेर फेकतात. त्यांच्यापुढे इलाज नाही.

त्यानंतरच्या पिढीतील मोटारींना ‘ऑक्स’ नावाचे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र मिळाले. दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली वायर लावली की काम झाले. ना जोडणीची कटकट, ना पासवर्ड. पण मोबाइल कंपन्यांनी हेडफोनचे छिद्रच काढून टाकायला सुरुवात केली. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयफोन ७ बाबत हे पाऊल उचलले आणि मग इतरही त्याच वाटेने गेले. आता चार्जिंगच्या छिद्राला छोटी जोडवायर लावून हे साधावे लागते. ही जोडवायर घेताना फसगत होते. काही मोबाइल त्या छिद्रातून थेट आवाज देतात, तर काही केवळ अंकांच्या रूपातील माहिती देतात आणि तिचे आवाजात रूपांतर करणारी चकती जोडवायरमध्येच असावी लागते. दोन्ही वायरी दिसायला सारख्याच. म्हणून आपला मोबाइल दुकानात नेऊन, लावून, ऐकूनच ती विकत घ्यावी.

‘ऑक्स’ वापरणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. मोबाइल एकाच वेळी चार्जिंगला आणि ऑक्सला लावला की स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. स्पीकर बिघडला असे समजून तो बदलून घेणारेही आहेत. वास्तविक दोष असतो तो अर्थिंगचा. चार्जरची वायर आणि ऑक्सची वायर अशा दोन वाटांनी मोटारीच्या अर्थशी संबंध आल्याने एक बंद वर्तुळ तयार होते आणि अल्टरनेटरची वीज निर्माण करतानाची स्पंदने त्या वर्तुळातून आवाजात शिरतात. इंजिनाची गती वाढली की त्यांचा सूरही वाढतो. मोबाइल पॉवर बँकेवर चार्ज करून पाहावा. किणकिण थांबली, तर निदान पक्के. मग ऑक्सच्या वायरीत बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की पुरते. स्पीकरला हात लावण्याची गरज नाही.

ज्यांच्याकडे कॅसेटही नाही आणि ऑक्सही नाही, त्यांना रस्त्यावरच्या सिग्नलपासून मॉलपर्यंत सर्वत्र विकला जाणारा एफएम ट्रान्समीटर दिसतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, मोबाइल ब्लूटूथने त्याला जोडायचा आणि रेडिओ ठरावीक आकड्यावर लावायचा. म्हणजे मोटारीपुरते आपले स्वतःचे रेडिओ केंद्रच. कल्पना मोहक असली तरी महामुंबईच्या परिसरात ती फारशी सुखाची ठरत नाही. येथे केंद्रांची दाटी आहे. विशेषतः ९१ ते ९५ या टप्प्यात एका केंद्रापासून दुसरे हाकेच्या अंतरावर आहे. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दामच अत्यल्प ठेवलेली असते. शेजारच्या बलाढ्य केंद्रापुढे त्याचा आवाज दबतो. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेला आकडा शोधावा लागतो आणि वाशीत शांत असलेली ती जागा पुण्यात पोहोचल्यावर व्यापलेली आढळू शकते. घाटात रेडिओची जी गत, तीच याचीही. शेजारच्या मोटारीतही तोच आकडा असेल, तर सिग्नलला थांबल्यावर तिच्यातील गाणे आपल्याकडे डोकावण्याचा विनोदी प्रकारही घडू शकतो. जुन्या गाडीवर अधिक खर्च करायचा नसेल, तर तात्पुरती सोय एवढीच याची किंमत.

ब्लूटूथचे रुसवे

आज बहुतेकांचा कल ब्लूटूथकडे असतो. दहाव्या शतकात विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या हेराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव या तंत्राला दिले आहे. परंतु घरातील दोन मोबाइल आणि एक मोटार यांची एकी घडवताना या राजाचीही दमछाक होते.

पहिला घोटाळा होतो तो ‘ब्लूटूथ आहे’ या दोन शब्दांनी. मोबाइलवरचे बोलणे स्पीकरवर ऐकवण्यासाठी एक व्यवस्था असते आणि संगीत पाठवण्यासाठी दुसरी. ब्लूटूथच्या परिभाषेत त्यांना प्रोफाइल म्हणतात. जुन्या अनेक मोटारींत पहिलीच व्यवस्था आहे. त्यामुळे फोन घेता येतो, गाणे मात्र वाजत नाही आणि मालक मोबाइलला दोष देत बसतो. जुनी मोटार विकत घेताना ‘ब्लूटूथ आहे का’ असे न विचारता ‘ब्लूटूथवर गाणे वाजवून दाखवा’ असे म्हणणे शहाणपणाचे. संगीतासाठीच्या व्यवस्थेतही मोबाइल आणि टेप या दोघांना समजेल अशा पद्धतीने आवाज आवळून पाठवला जातो. घरातील शांततेत जाणवणारा त्यातला फरक रस्त्यावरील आवाजात बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

दुसरा घोटाळा कौटुंबिक. नवरा-बायको दोघांचे मोबाइल एकदा गाडीला जोडले, की मोटार सुरू होताच टेप ओळखीचा मोबाइल शोधू लागतो. खाली वाहनतळावर मोटार सुरू करणाऱ्याच्या मोबाइलऐवजी पहिल्या मजल्यावर चहा घेत असलेल्या व्यक्तीचा मोबाइल त्याला आधी सापडतो आणि घरातले गाणे अचानक मुके होते. बहुतेक टेपमध्ये कोणत्या मोबाइलला प्राधान्य द्यायचे, हे ठरवण्याची सोय असते. ती एकदाच शोधून काढावी.

नव्या मोटारींतील अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन सोयींची घोषणा २०१४ मध्ये झाली. त्यांनी मोबाइलचाच आटोपशीर अवतार मोटारीच्या पडद्यावर आणला. वायरीने जोडताना त्या चालत नसतील, तर दहापैकी अनेक वेळा दोष वायरीचा असतो. बाजारातील कित्येक स्वस्त वायरी फक्त चार्जिंगपुरत्या असतात. माहिती वाहून नेणाऱ्या तारा त्यांत नसतातच. मोबाइलसोबत आलेली मूळ वायर आधी लावून पाहावी आणि मगच सर्व्हिस सेंटर गाठावे.

जुना पेनड्राइव्हच बरा

एवढे सारे पर्याय पाहिल्यानंतर ज्यांचा संग्रह खरोखर स्वतःचा आहे, त्यांच्यासाठी पेनड्राइव्हसारखी निर्धोक सोय दुसरी नाही. त्याला नेटवर्क लागत नाही, जोडणी तुटत नाही, फोन आल्यावर गोंधळ होत नाही. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर १२८ किलोबिटच्या एमपीथ्री सुमारे १२ तास मावत. आज सोळा गिगाबाइटचा लहानसा पेनड्राइव्ह ३२० किलोबिट या उत्तम दर्जाची गाणी ठेवूनही शंभर तासांहून अधिक वाजतो.

तरीही तो चालत नाही, अशी ओरड होते. कारण दडलेले असते फॉरमॅटमध्ये. मोटारीतील अनेक टेप फक्त ‘फॅट ३२’ ही जुनी पद्धत वाचतात. दुकानातून येणारे मोठे पेनड्राइव्ह मात्र ‘एक्सफॅट’ पद्धतीचे असतात. ३२ गिगाबाइटपर्यंतचा पेनड्राइव्ह घेऊन तो संगणकावर ‘फॅट ३२’ करून घेतला, की बहुधा प्रश्न सुटतो. गाण्यांचा क्रम हा दुसरा कटकटीचा विषय. टेप बहुतेक वेळा नावाच्या आद्याक्षरांनुसार किंवा फाइल ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने वाजवतो. त्यामुळे नाटकातील तिसऱ्या अंकातले पद नांदीच्या आधी येते. नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालावेत आणि ‘१’ ऐवजी ‘०१’ लिहावे. नाहीतर दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी वाजेल. देवनागरीतील नावे कित्येक टेपच्या पडद्यावर चौकोनी खोक्यांसारखी दिसतात. मराठी गाणी विकत घ्यायची, मराठी माणसाने विकत घेतलेल्या मोटारीत वाजवायची आणि त्यांची नावे वाचायची रोमन लिपीत, हा अन्याय निमूटपणे सोसण्यापलीकडे तूर्त उपाय नाही.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांची आणखी एक निराळी अडचण आहे आणि तिची दखल मोटार कंपन्या क्वचितच घेतात. चित्रपटातील आजचे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर मोठ्याने वाजत असते. विलंबित ख्यालात मात्र तंबोऱ्याचा झंकार आणि मंद्र सप्तकातील आलाप अतिशय हळुवार असतात. सायन-पनवेल मार्गावर चाकांच्या घरघरीत ते पूर्ण बुडतात. श्रोता आवाज वाढवतो आणि अर्ध्या तासाने द्रुत लयीतील ताना कानठळ्या बसवू लागतात. काही टेपमध्ये वेगानुसार आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असते. ती नसेल, तर असे संगीत रात्रीच्या मोकळ्या रस्त्यासाठी राखून ठेवावे आणि ऑफिसच्या वेळेस भावगीतांवर समाधान मानावे.

घरोघरी आजही कॅसेटचे खोके माळ्यावर पडून असतात. त्यांत विकतच्या ध्वनिफितींबरोबर आजोबांनी रेडिओवरून उतरवून घेतलेली नाट्यपदे, आईने भिशीत म्हटलेली गाणी, गणेशोत्सवातील मैफली असे काहीबाही असते. हे कोणत्याही संगीतसेवेवर मिळणार नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकात आवाज उतरवून घेण्यास साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. घाई चालत नाही. पण फिती दरवर्षी थोड्या थोड्या क्षीण होत असल्याने हे काम फार काळ लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

विकतचे की भाड्याचे

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. मोबाइलमधील गाणी खरोखर आपली आहेत काय? संगीतसेवेच्या अ‍ॅपवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे कुलूपबंद असते. ते त्या अ‍ॅपमध्येच आणि वर्गणी चालू असेपर्यंतच वाजते. पेनड्राइव्हवर उतरवता येत नाही. बोरघाटात वा कोकणच्या वाटेवर नेटवर्क गेल्यावर त्याचा उपयोग होतो, हे खरे; तेवढ्यासाठी निघण्याआधी घरच्या वायफायवर यादी उतरवून ठेवावीच. पण ते भाड्याचे घर आहे. एअरटेलची विंक म्युझिक ही सेवा बंद होत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे काय, या प्रश्नाने अनेकांना ग्रासले. याउलट फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे दुकान काढून सुटी एमपीथ्री गाणी विकली होती. ते दुकान पुढच्याच वर्षी बंद पडले. मात्र ज्यांनी तेथून गाणी घेऊन जपून ठेवली, त्यांच्या मोटारीत ती आजही वाजू शकतात.

विकत घेतलेल्या सीडीवरील गाणी स्वतःच्या वापरासाठी पेनड्राइव्हवर घेणे कायद्यात बसते का, अशी शंका काढली जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम खासगी वापरासाठीच्या उचित वापराला मुभा देते. आपल्या सीडीची आपल्या गाडीपुरती प्रत या मुभेत बसू शकते. मोबाइलच्या दुकानातून हजार गाणी भरून घेतलेले मेमरी कार्ड त्यात खचितच बसत नाही.

टेप बदलताना

वाशीच्या सेक्टर १९ मधील सतरा प्लाझा आणि पाम बीच गॅलेरियाच्या परिसरात मोटारसजावटीच्या दुकानांची रांगच आहे. जुना टेप काढून ब्लूटूथ, यूएसबी आणि पडद्याचा नवा टेप तेथे तास-दोन तासांत बसतो. टेपच्या खणाची मापे ठरलेली आहेत. एकेरी खण १८० बाय ५० मिलिमीटर, दुहेरी १८० बाय १०० मिलिमीटर. जुन्या मोटारींत ही मापे पाळलेली असल्याने बदल सोपा असतो. अलीकडच्या मोटारींत पडदा, कॅमेरा आणि एसीची बटणे एकाच सांगाड्यात गुंतलेली असतात. तेथे टेप बदलणे खर्चिक होते आणि बहुधा अनावश्यकही.

दुकानात एकच आग्रह धरावा, तो म्हणजे मूळ वायरी कापू नयेत. त्या त्या मोटारीसाठी कपलर मिळतो. त्याने जोडणी होते आणि उद्या मूळ टेप परत बसवता येतो. वायरी कापून, पिळून, वर टेपपट्टी गुंडाळलेली जोडणी उन्हाळ्यातील उष्णतेने सैल पडते. तेथे ठिणगी उडण्याचा धोका असतो आणि नवी मोटार असेल तर वॉरंटीवरही गदा येते. कपलरसाठी पडणारे जादा पैसे या तुलनेत किरकोळ आहेत. मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा असेल, तर बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर फ्यूज आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

नजर रस्त्यावर

संगीताची सोय कितीही चांगली असली, तरी ती चालत्या गाडीत हाताळायची नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. अटल सेतूवरील ताशी १०० च्या मर्यादेत तेच अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. पुढचे गाणे शोधण्यासाठी मोबाइलकडे तीन सेकंद पाहणे म्हणजे तेवढे अंतर डोळे मिटून चालवणे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हातात मोबाइल घेऊन वाहन चालवणे हे धोकादायक वाहनचालनाच्या १८४ व्या कलमात स्पष्टपणे घातले गेले. पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार असे उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. गाणे बदलण्याची सवलत त्यात नाही. स्टिअरिंगवरील बटणे असतील तर ती वापरावीत. नसतील तर यादी निघण्यापूर्वी लावावी अथवा हे खाते शेजारी बसलेल्याकडे सोपवावे.

मोटार विकताना वा भाड्याची मोटार परत करताना आणखी एक काम राहून जाते. ब्लूटूथ जोडणीच्या वेळी मोबाइल ‘संपर्क घेऊ का’ असे विचारतो आणि बहुतेकजण ‘हो’ म्हणतात. त्यामुळे नातेवाइकांचे व सहकाऱ्यांचे फोन क्रमांक टेपमध्ये उतरतात आणि मोटारीसोबत नव्या मालकाकडे जातात. सेटिंगमध्ये जाऊन आपला मोबाइल यादीतून काढावा, ‘फॅक्टरी रिसेट’ करावे आणि किल्ली देण्यापूर्वी यूएसबीच्या छिद्रात आजोबांच्या नाट्यपदांचा पेनड्राइव्ह राहिलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.